ट्यूमर म्हणजे मूळची सूज

ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची तीन पुस्तकं हिंदीत प्रकाशित झाली. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन असे त्यांचे विषय. तेव्हापासून आपल्याकडेही वैद्यक मराठीतून शिकवता येईल का, हा जुना वाद पुन्हा वर आला आहे. त्यात मी एक गोष्ट वारंवार पाहतो. दहा मिनिटांच्या आत कोणीतरी विचारतं, "बरं, ट्यूमरला मराठीत काय म्हणणार?" समोरचा म्हणतो, "गाठ." त्यावर लगेच उत्तर येतं, "गाठ तर धोतरालाही मारतात. हे शास्त्र आहे, इथे नेमका शब्द लागतो." मग तिसरा उठतो आणि सांगतो की नेमका शब्द आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून आहे, 'अर्बुद', आणि आपण करंटे म्हणून तो विसरलो. इथून पुढे वाद शब्दाचा राहत नाही, अभिमानाचा होतो. ज्याच्या अंगावर ती गाठ आली आहे, त्याचं नाव कोणाच्याच तोंडी येत नाही.

या भांडणात दोन्ही बाजूंनी एकच चूक केली आहे. शब्द नेमका असतो तो जन्मानेच, असं दोघंही धरून चालतात. एकाच्या मते ट्यूमर लॅटिन कुळात जन्मला म्हणून नेमका, दुसऱ्याच्या मते अर्बुद संस्कृत कुळात जन्मला म्हणून. माझं म्हणणं असं आहे की ट्यूमर हा जन्माने अत्यंत ढोबळ, घरगुती शब्द होता. त्याचा अर्थ फक्त 'सूज' एवढाच होता, आणि त्याला धार आली ती पुढे माणसांनी त्यावर केलेल्या कामामुळे. तेच काम 'गाठ' या शब्दावर करता येतं. लोकांनी ते अर्धं केलेलंही आहे. म्हणून रोग्याशी बोलताना डॉक्टरच्या तोंडचा पहिला शब्द 'गाठ' असावा आणि तिच्यामागे ती कसली, हे सांगणारं विशेषण यावं. पॅथॉलॉजीच्या अहवालात आंतरराष्ट्रीय नाव खुशाल राहू द्या, त्याच्याशी माझं भांडण नाही.

आधी शब्दाचं मूळ पाहू. लॅटिनमध्ये 'तुमेरे' म्हणजे सुजणं, फुगणं. त्यावरून 'तुमोर', म्हणजे सूज. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. त्याच्या लॅटिनमध्ये रुबोर, तुमोर, कालोर, दोलोर. वैद्यकाचा विद्यार्थी आजही ही चौकडी पाठ करतो, आणि त्यातल्या 'ट्यूमर'चा अर्थ नुसती सूज असा शिकतो. पाय मुरगळला, घोटा सुजला, तर सेल्ससच्या भाषेत तो ट्यूमरच. काही प्रकरणं पुढे गेल्यावर त्याच विद्यार्थ्याच्या त्याच पाठ्यपुस्तकात ट्यूमर म्हणजे पेशींची बेबंद वाढ होते. एका शब्दाचे दोन अर्थ, एकाच पुस्तकात, आणि तरी कोणाचा गोंधळ होत नाही. का होत नाही? कारण शिक्षक सांगतो, इथे हा अर्थ घ्या, तिथे तो घ्या. नेमकेपणा येतो तो या सांगण्यातून. मग हीच सवलत मराठीला द्यायला आपण का तयार नसतो?

या शब्दाचा गोतावळा पाहिला की तो किती साधा होता हे आणखी कळतं. 'सुजणं, फुगणं, बळावणं' अशा अर्थाचा एक धातू इंडो-युरोपीय भाषांच्या मुळाशी असल्याचं भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याच्यापासून इंग्रजीत अंगठ्याला 'थम' म्हणतात, कारण तो हाताचं फुगीर बोट. मांडीला 'थाय', कारण तो पायाचा जाड भाग. आणि हजाराला 'थाउजंड', म्हणजे मूळ अर्थाने 'फुगलेलं शंभर'. बटाट्यासारख्या कंदाला 'ट्यूबर' म्हणतात तेही याच घरातलं. आपल्याकडे ऋग्वेदात 'तवस्' आणि 'तुम्र' हे बलवान, धिप्पाड अशा अर्थाचे शब्द येतात, त्यांचं नातं याच धातूशी जोडलं जातं. लॅटिन 'तुमुल्तुस्' म्हणजे गलबला, आणि त्याच्या शेजारी कोशकार आपला 'तुमुल' ठेवतात. गीतेच्या पहिल्याच अध्यायात शंख आणि भेरी एकदम वाजतात तेव्हा 'स शब्दस्तुमुलोऽभवत्' असं आपण वाचतो. आवाज सुजला, फुगला, आभाळ भरून राहिला, असा अर्थ मनात धरून ती ओळ वाचावी. मला तरी ती पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येते. अर्थात या नात्यावरून 'बघा, ट्यूमर आपलाच शब्द आहे' असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. चुलतभाऊ असणं वेगळं आणि वडील असणं वेगळं. मला एवढंच दाखवायचं आहे की ज्या शब्दाला आपण प्रयोगशाळेतला समजतो, तो अंगठा, मांडी आणि कंद यांच्या पंगतीत बसणारा होता.

ग्रीकांचंही तसंच. दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने या विषयावर लिहिलं तेव्हा त्याने 'ओंकोस' हा शब्द घेतला. ओंकोस म्हणजे ढीग, वजन, फुगवटा. आजच्या 'ऑन्कॉलॉजी'चं, म्हणजे कर्करोगशास्त्राचं, मूळ हेच. गेलनने फुगवट्याचे तीन वर्ग केले: निसर्गानुसार होणारे, जसे वयात येताना मुलीचे स्तन वाढतात, निसर्गाच्या पलीकडे जाणारे पण उपकारक, जसं मोडलेलं हाड जुळताना त्याच्यावर नवं हाड चढतं, आणि निसर्गाविरुद्धचे, म्हणजे रोगाचे. हे वाचताना मला आपल्या आज्या आठवतात. सूज आणि बाळसं यांत फरक असतो, हे त्या प्रत्येक सुनेला बजावून सांगायच्या. बाळाचे गाल भरले म्हणून सगळे खूश असताना एखादी म्हातारी पायावर बोट दाबून खळगा पडतो का, हे पाहायची. गेलनचं वर्गीकरण आणि त्या म्हातारीचं बोट यांमागचा विचार एकाच जातीचा आहे: वाढलेलं दिसतंय खरं, पण ते कशाने वाढलंय?

आणि ट्यूमर हा शब्द शरीरापुरताही राहिला नव्हता. लॅटिनमध्ये रागाने, गर्वाने माणूस फुगतो त्यालाही तोच शब्द होता. इंग्रजीत जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ट्यूमरचा पहिला अर्थ रोगाची सूज असा आहे आणि दुसरा पोकळ डामडौल, खोटी भव्यता असा आहे. म्हणजे फक्त पावणेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमधला माणूस एखाद्याच्या अलंकारिक भाषेला 'ट्यूमर' म्हणू शकत होता. धोतराच्या गाठीवरून मराठी शब्दाला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग धार आली केव्हा? एकोणिसाव्या शतकात, सूक्ष्मदर्शकाखाली. १८३८ मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने गाठींचे काप पाहून दाखवलं की त्याही पेशींच्याच बनलेल्या असतात. त्याचा विद्यार्थी रुडॉल्फ विरशॉ याने १८५८ मध्ये, रोग पाहायचा तर पेशीत पाहा, हा विचार मांडला. पुढे १८६० च्या दशकात विरशॉने गाठींवर व्याख्यानांचा मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या शीर्षकात शब्द वापरला 'गेश्वुल्स्ट'. हा अस्सल जर्मन शब्द सुजण्याच्या क्रियेवरून आलेला, बाजारातल्या बाईलाही कळणारा. त्या ग्रंथात आज आपण ट्यूमर म्हणणार नाही अशाही गोष्टी होत्या: साकळलेलं रक्त, साचलेल्या द्रवाच्या पिशव्या, क्षयाच्या गाठी. म्हणजे आधुनिक रोगनिदानशास्त्राचा जो पाया घातला गेला, तो घरगुती शब्द हाताशी धरून, आणि त्या शब्दाची हद्द अजून आखली जात असताना. जर्मनीत 'थांबा, आधी नेमका शब्द मिळू द्या, मग शास्त्र करू' असं कोणी म्हटलं असतं तर? अरबीतही 'वरम' म्हणजे सूज, आणि ट्यूमरलाही 'वरम'च. चिनी लिपीत ट्यूमरचं पहिलं अक्षर सुजेचंच आहे. जगातल्या एवढ्या भाषांनी सुजेपासून सुरुवात केली आणि त्यांचं काही अडलं नाही.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं घेऊ, कारण त्यातलं बरंच खरं आहे. पहिलं, नांदेडमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा तपासायला मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयात जातो, कधी त्याची काच परदेशातल्या तज्ज्ञाला दाखवली जाते. तिथे 'गाठ' लिहून चालणार नाही. गाठींचं वर्गीकरण जगभर एका पद्धतीने होतं, नावं ठरलेली असतात, उपचार त्या नावाला बांधलेले असतात. हे मला शंभर टक्के मान्य आहे. त्या जागी नाव बदलण्याचा हट्ट हा रोग्याच्या जिवाशी खेळ आहे. पण त्या नावांना 'इंग्रजी' म्हणून पूज्य मानायचं कारण नाही, आणि ती स्वतःहून अर्थ सांगतात असंही नाही. ग्रीकमधून आलेलं 'ओमा' हे शेपूट घ्या. लिपोमा म्हणजे चरबीची निरुपद्रवी गाठ. मेलानोमा आणि लिम्फोमा यांनाही तेच शेपूट आहे, आणि ते कर्करोग आहेत. हिमॅटोमा म्हणजे फक्त साकळलेलं रक्त. ग्लॉकोमा तर डोळ्याचा विकार, त्यात गाठ नाहीच. शेपूट एक, चार वाटा. ही नावं पाठ करावी लागतात, त्यांचा अर्थ आतून उमगत नाही. चालतं, कारण सगळ्यांनी एकच पाठ केलं आहे. त्या एकमताचा मी आदर करतो. पण एकमत ही माणसांनी केलेली गोष्ट आहे, ती कुठल्या एका भाषेला उपजत मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की 'गाठ' फार पसरट आहे. लग्नाची गाठ, पदराची गाठ, 'गाठ माझ्याशी आहे', गाठीशी चार पैसे. शिवाय गाठ आणि ग्रंथी हे एकाच 'ग्रंथि'चे दोन अवतार, त्यामुळे लाळेची ग्रंथी आणि लाळग्रंथीतली गाठ हे सांगताना जीभ अडखळते. ही अडचण खरी आहे, मी ती झाकत नाही. पण मराठी माणूस अंगावरच्या उंचवट्यांना नुसतं 'गाठ' म्हणून थांबतो का? डोकं आपटलं की टेंगूळ येतं. पापणीला रांजणवाडी होते. नखाच्या कडेला नखुरडं. पू धरतो ते गळू. कानाखाली दोन्ही बाजूंनी सुजतं आणि शेजारच्या मुलांनाही होतं, ते गालगुंड. गळ्यापाशी वर्षानुवर्षं वाढत जातो तो गलगंड. पायाला जखम झाली की जांघेत दुखरी गाठ उठते ते अवधाण. मानेवर किंवा पाठीवर मऊ, न दुखणारं, हलणारं वाढतं ते आवाळू. जरा थांबून या यादीकडे पाहा. जागा, कारण, दुखणं, पू आहे की नाही, किती दिवसांत वाढलं, दाबलं तर हलतं की नाही, संसर्ग आहे की नाही, एवढं सगळं या शब्दांत भरलेलं आहे. गाठ तपासताना डॉक्टर हेच प्रश्न विचारतो. अवधाण म्हणणाऱ्या शेतकऱ्याला माहीत होतं की जांघेतल्या गाठीचं कारण पायातल्या काट्यात शोधायचं. ज्या भाषेत एवढं निरीक्षण साठलंय तिला नेमकेपणा जमत नाही, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? उलट ही यादी आपल्या डोळ्यांदेखत पुसली जातेय याचं मला मनापासून दुःख होतं. शहरात वाढलेल्या मुलाला आज या सगळ्यासाठी 'स्वेलिंग' हा एकच शब्द येतो. नेमकेपणा कुठून कुठे गेला?

आणि रूपकातून आलेला शब्द शास्त्रात चालत नाही म्हणणाऱ्यांनी मोतीबिंदूकडे पाहावं. इंग्रजीतला 'कॅटॅरॅक्ट' म्हणजे मूळचा धबधबा. डोळ्यात ना धबधबा असतो ना मोती. पण खेड्यातल्या शिबिरात ऐंशी वर्षांचे आजोबा "माझा मोतीबिंदू पिकलाय का?" असं विचारतात आणि सर्जन त्याच शब्दात उत्तर देतो. तिथे कोणी कधी म्हणालं नाही की मोती तर सराफाकडे असतो. असं का झालं? डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो शब्द मनापासून घेतला, रोज वापरला, त्यात आपलं ज्ञान ओतलं.

आता अर्बुदवाल्यांकडे वळतो. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण सुश्रुताचं वर्णन खरोखर थक्क करणारं आहे. गोल, स्थिर, कमी दुखणारं, मोठं, खोल मूळ असलेलं, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं, असा मांसाचा फुगवटा म्हणजे अर्बुद. न पिकणारं हा मुद्दा महत्त्वाचा, कारण त्यानेच गळू बाजूला पडतं. शिवाय रक्ताचं आणि मांसाचं अर्बुद असाध्य, हेही त्याने सांगून ठेवलं आहे. मराठी विश्वकोशानेही गाठींच्या शास्त्राला अर्बुदविज्ञान म्हटलं आहे. पण सुश्रुत स्वतःच अर्बुदाला 'शोफ' म्हणतो, म्हणजे पुन्हा सूजच! आणि अर्बुद हा शब्द तरी कुठे एकनिष्ठ आहे? वेदात अर्बुद नावाचा इंद्राचा शत्रू आहे, अबूचा पहाड म्हणजे अर्बुदाचल, आणि भास्कराचार्यांच्या गणतीत कोटीच्या पुढची संख्या म्हणजे अर्बुद. इंग्रजांचं हजार हे फुगलेलं शंभर, आणि आपल्याकडे गाठीचं नाव दहा कोटीला! जुनेपणाने नेमकेपणा येत नाही, हे यावरूनही दिसतं.

अर्बुदाची खरी अडचण मात्र वेगळी आहे. ट्यूमर जितका परका, तितकाच तोही रोग्याला परका आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचं ते काम मोठंच होतं, त्यामागची जिद्दही मोठी. अष्टप्रधानांच्या पदांना नवी नावं मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती, पेशव्याचा मुख्य प्रधान. सेनापती आणि सचिव टिकले, आजही टिकून आहेत. पण पुढच्या शतकात पुण्यात बसून ज्याने राज्य चालवलं त्याला लोकांनी काय म्हटलं? पेशवाच. राजाज्ञा होती, कोश होता, सत्ता होती, तरीही. कुठला शब्द रुजेल हे लोकांची जीभ ठरवते, आणि जिभेवर आधीच जिवंत असलेल्या शब्दाला हुसकून त्याच्या जागी दुसरा बसवणं फार क्वचित साधतं. गाठ जिवंत आहे. कर्करोग हा 'कॅन्सर'चा शब्दशः अनुवादही, दोन्हीत खेकडाच, बऱ्यापैकी रुजला, कारण त्या जागी आधीचा घरगुती शब्द ठाण मांडून बसलेला नव्हता.

सगळ्यात वजनदार आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, आणि तो मला एका अनुभवी परिचारिकेकडून ऐकायला मिळाला. त्या म्हणाल्या, "गाठ म्हटलं की बायका घरी जातात. दुखत नाही ना, मग राहू दे म्हणतात. ट्यूमर म्हटलं की निदान घाबरून तपासणी तरी करतात." हे हलक्यात घेण्यासारखं नाही. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि न दुखणं हीच आपल्याकडे ती दुर्लक्षित राहण्याची मोठी सबब होते. शब्दाच्या सौम्यपणामुळे एक जरी बाई सहा महिने उशिरा आली तर माझा सगळा युक्तिवाद कुचकामी ठरेल.

पण गाठ हा शब्द सौम्य आहे हे कोणी ठरवलं? सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगास यांनी प्लेगचं निदान केलं. इंग्रजीत या प्लेगला 'ब्युबॉनिक' म्हणतात. ग्रीकमध्ये 'बुबोन' म्हणजे जांघ, मग जांघेतली सूज. आपल्या लोकांनी त्याला नाव दिलं गाठीचा ताप. काखेत, जांघेत, मानेला गाठ आली, एवढे दोन शब्द कानावर पडले की वाडा रिकामा व्हायचा. त्या पिढीत 'गाठ आली' याहून भयंकर वाक्य मराठीत नव्हतं. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. पुण्यात घराघरांत शिरून, बायाबापड्यांच्या अंगावर गाठ शोधणारी पथकं फिरली, आणि त्या अपमानाची आग २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत पोचली. तेव्हा लोक गाठ लपवू लागले. शब्द कळत नव्हता म्हणून नव्हे. शब्द पुरता कळत होता, शोधणाऱ्यावर विश्वास नव्हता. मग आज तोच शब्द ऐकून बाई घरी का जाते? कारण प्लेगच्या गाठीबद्दल जे गावागावांत बोललं गेलं, ते स्तनातल्या गाठीबद्दल अजून पुरेसं बोललं गेलेलं नाही. भीती असो की सावधपणा, शब्दाला तो समाज पुरवतो.

आणि हे बोलणं कामाला येतं याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लक्षणं समजावून सांगितली, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं. हे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही, फक्त कळेल असं बोलणं. १९९८ पासून टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या एका गटात दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली ती प्रशिक्षण दिलेल्या, दहावी झालेल्या स्त्री आरोग्यसेविकांनी. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. वस्तीतल्या दारात उभं राहून बोलायचं तर वस्तीचीच भाषा लागते.

इंग्रजी शब्दाने सावध करता येतं, हेही अर्धंच खरं आहे. आपल्या रुग्णालयांत इंग्रजीचा उपयोग लपवण्यासाठीही तितकाच होतो. रोग्याच्या खाटेपाशी उभं राहून डॉक्टर एकमेकांना 'मिटॉटिक' म्हणतात, 'ग्रोथ' म्हणतात, 'मास' म्हणतात. कागदावर दोन अक्षरं लिहितात, 'सीए'. सगळं कर्करोगच, पण ज्याचा आहे त्याला कळू नये म्हणून. हेतू बहुधा दयाळू असतो, नातेवाईकही हात जोडून तेच मागतात. तरी शब्द स्वतःहून प्रामाणिक नसतो हे यातून दिसतंच. 'गाठ' म्हणून लपवता येतं तसं 'ट्यूमर' म्हणूनही लपवता येतं.

माझ्या मावशीच्या कानाखाली अशीच एक गाठ होती. सात-आठ वर्षं, सावकाश वाढणारी, न दुखणारी. सुईची तपासणी झाली आणि एका रुग्णालयात तिच्या हातात कागद देऊन सांगण्यात आलं, "पॅरोटिडचा ट्यूमर आहे, बिनाइन आहे, सर्जरी करून घ्या." पॅरोटिड म्हणजे कानाजवळची लाळग्रंथी, हे आम्हाला कुठे माहीत? 'ट्यूमर' सगळ्यांनी ऐकलं, 'बिनाइन' कोणीच नाही. चार दिवस घरात चूल नीट पेटली नाही. मावसभावाने कर्जाची चौकशी सुरू केली. पाचव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मावशी खुर्चीत बसली आणि तिने स्वतःच विचारलं, "डॉक्टर, मला एवढंच सांगा, गाठ साधी आहे का वाईट?"

पुढे कधीतरी मी कोश उघडून पाहिलं. लॅटिनमध्ये 'बेनिग्नुस' म्हणजे चांगल्या स्वभावाचा, आणि 'मालिग्नुस' म्हणजे वाईट स्वभावाचा. चौथीपर्यंत शिकलेल्या मावशीने रोगनिदानशास्त्राचा पहिला प्रश्न त्याच्या मूळ अर्थात, चांगल्या मराठीत विचारला होता. डॉक्टरांनी उत्तरही तसंच दिलं. "मावशी, साधी आहे. पण ही जात अशी आहे की ठेवली तर वाढत जाते, आणि बऱ्याच वर्षांनी एखादीत बिघाडही होतो. म्हणून काढू या. कानाजवळून चेहऱ्याची नस जाते, ती सांभाळून काढावी लागेल, तेवढी जोखीम आहे."

मावशीने कानाखाली बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "नस दुखावली तर काय होईल?"